घरच्यांना लेखी ‘नाही’ मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
शहर बस आगार, तपासणी कक्ष (जिन्याखालची खोली).

विषय : मधुमेहावरील पूड, रस, कॅप्सूल इत्यादी बंद करण्याविषयी अर्जदाराच्या घरच्यांना लेखी आदेश मिळणे व अर्जदारास पुन्हा बसवर घेणेबाबत.

संदर्भ : आपला तोंडी आदेश, “सगळं लिहून आणा. एकही डबी सुटता कामा नये.”

महोदया,

१. अर्जदार या आगारात बसचालक असून लहानथोर त्याला मामा म्हणतात. त्याच्या बसमध्ये उभ्या माणसालाही दांडी धरावी लागत नाही, इतका ब्रेक हलका, अशी त्याची ख्याती होती. तूर्त तो हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसतो. टेबलाखाली त्याचा उजवा पाय दिवसभर ब्रेक दाबत असतो. शेजारच्या कारकुनाने याबाबत तक्रार केली आहे. ती खरी आहे.

२. खिडकीवर येण्याचे कारण आपणास ठाऊक आहे, तरी कागदावर असावे. एका संध्याकाळी अर्जदाराने घरी बूट काढला तेव्हा आतून स्क्रू पडला. मोजा रक्ताने चिकटला होता. पत्नीने विचारले, “अहो, हा कधीपासून आत होता?” अर्जदारास सांगता येईना. स्क्रू त्याच्याच सीटखालचा होता आणि तो सकाळी निखळला होता. म्हणजे भरलेली बस ज्या पायाने थांबते, त्या पायाला दिवसभर स्क्रू कळला नव्हता. दुसऱ्या दिवशी अर्जदार आपण होऊन आपल्याकडे आला. यात शहाणपणा काही नाही. तो घाबरला होता.

३. आपण त्याला डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा दोरा लावू लागलात. अर्जदार “लागला, लागला” म्हणत राहिला. डोळे उघडले तेव्हा दोरा केव्हाच आपल्या खिशात गेला होता. मग रक्त तपासून आपण सांगितले की, साखरेची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्या काही जणांच्या अंगात बी-१२ कमी पडते आणि नसा त्यानेही बधिर होतात; गोळी सोडू नका, बी-१२ची इंजेक्शने घ्या, पाहू. पुढे विचारलेत, याखेरीज काय घेता? फॉर्मवर त्यासाठी एक ओळ होती. अर्जदाराने “किरकोळ” असे लिहिले. अर्जदाराचे घर एका ओळीत मावत नाही.

४. (हा मुद्दा आक्कांसाठी राखून ठेवला आहे. खाली पाहावे.)

५. किरकोळचा तपशील. उठल्याबरोबर मेथीचे पाणी. पेला रिकामा होईपर्यंत पत्नी समोरून हलत नाही. न्याहारीआधी झिंक, जेवणाबरोबर क्रोमियम, निजताना मॅग्नेशियम. ही जावईबापूंची देणगी. ते दूर राहतात, पण फोनच्या पडद्यावर येऊन, “बाबा, बाटली जरा उजेडात धरा,” असे म्हणतात व तळ दिसला की दुसरी पाठवतात. कशानंतर काय घ्यायचे नाही, याचे घरात असे वेळापत्रक झाले आहे की आगाराला लाजवील. त्यात आपल्या इंजेक्शनचा विषय निघाला तेव्हा पत्नी कळवळून म्हणाली, “आधीच इतकं पोटात जातंय, त्यात आणखी ते कशाला?” अर्जदारास हसू आले नाही.

(येथे खिडकीवर जावे लागले. छत्री. गृहस्थांनी सगळ्या छत्र्या उघडून पाहिल्या आणि आपली नसलेली नेली.)

५. (पुन्हा.) साखरेचा रिपोर्ट बरा आला, तेव्हा पत्नीने मेथीकडे पाहिले, जावयांनी क्रोमियमचे अभिनंदन केले आणि अर्जदाराच्या बसवरची वाहक मुलगी म्हणाली, “मामा, मी म्हटलं नव्हतं? डबी चालली!” तिची झाडपाल्याची पूड बिननावाच्या डबीतून येई. आई घेते, आईला गुण आला, म्हणून तिने मायेने आणून दिली. आपल्या गोळीचे नाव कोणीही घेतले नाही.

६. ती डबी खरेच चालत होती. गेल्या महिन्यात खिडकीवर बसल्याबसल्या अर्जदारास दरदरून घाम फुटला, हात लटपटू लागले आणि समोरच्या बाईंना त्यांची पर्स द्यायची सोडून तो ती स्वतःच छातीशी धरून बसला. त्याच मुलीने धावत येऊन त्याच्या तोंडात साखर कोंबली. आपण डबी तपासायला पाठवलीत. पाल्यात साखर उतरवणारे औषधच कुटून घातलेले निघाले. म्हणजे अर्जदार एकीकडे आपली गोळी घेत होता आणि दुसरीकडे न लिहिलेली दुसरी. हे कळल्यावर ती मुलगी एवढेच म्हणाली, “मामा, माझी आई रोज घेते हो.” आणि ड्यूटी टाकून घरी पळाली. आई सुखरूप आहे. त्या दिवसाची तिची गैरहजेरी माफ व्हावी, ही या अर्जातली पोटविनंती.

४. (राखून ठेवलेला.) आक्का म्हणजे अर्जदाराची थोरली बहीण. तिने गॅलरीतल्या कुंड्यांत कारल्याचे वेल लावले आहेत, ते केवळ अर्जदारासाठी. रसाची बाटली घेऊन ती रोज त्याच्या बसमध्ये चढे. आता खिडकीवर येते. एकदा अर्जदाराने ती बाटली मुद्दाम स्टॉपच्या बाकावर सोडली. एका प्रामाणिक प्रवाशाने ती खिडकीवर जमा केली. अर्जदारास तिची नोंद करून पोच द्यावी लागली. तेवढ्यात आक्का आली आणि म्हणाली, “हरवलेलं इथंच मिळतं ना रे? मग पी.” अर्जदार प्याला.

हे वाचून आपण हसाल. परंतु वडिलांचा पाय साखरेनेच गेला, तेव्हा रोज जखम धुणारी आक्का होती. अर्जदार तेव्हा दाराबाहेर उभा असे. आक्काच्या बाटलीत कारले किती आणि ती जखम किती, हे अर्जदारास ठाऊक आहे. म्हणून त्याच्या तोंडून ‘नको’ निघत नाही.

७. आपण फाइलवर शेरा मारला आहे : “घरचे उपाय बंद झाल्याची खात्री होईपर्यंत स्टिअरिंग देऊ नये.” शेरा योग्य आहे. पण अर्जदाराने खात्री द्यायची कशी? घरातल्यांना नाही म्हणणे त्याला जमत नाही. ऑफिसला ते जमते; त्याने पाहिले आहे. तरी विनंती की,

(अ) पत्नी, जावई व आक्का यांना गोल शिक्क्यानिशी स्वतंत्र आदेश द्यावेत. जावयांचा कडक असावा.

(आ) पत्नीच्या आदेशात इंजेक्शन ‘जास्तीचे’ नसून गोळीइतकेच कामाचे आहे, असे ठळक लिहावे. आजवरची तिने स्वतः सोबत येऊन घ्यायला लावली आहेत, पण मेथी थांबलेली नाही.

(इ) आक्काचा आदेश मऊ असावा. ‘बंद’ हा शब्द नको. “आपण भावासाठी पुष्कळ केलेत, आता ही जबाबदारी आगार घेत आहे,” असे काहीतरी. वेल राहू द्यावेत.

(येथे अर्जदार एका लहान मुलीची विसरलेली चप्पल सुटणाऱ्या बसमध्ये पोचवण्यासाठी आवारातून धावत गेला. चप्पल पोचली.)

८. अर्जदाराचे लक्ष लागत नाही. आवारातून आल्यापासून काहीतरी सलते आहे. वाक्य मनात जुळते आणि मोडते. आधी वाटले, टेबलाच्या पायाला बूट लागत असेल. पाय सरकवला. तरी सलते आहे. उजवा. पुढच्या

महोदया, मुद्दा ८ अपुरा सोडल्याबद्दल क्षमा असावी. अर्जदाराने बूट काढला. खडा आहे. आवारातला, साधा, वाटाण्याएवढाही नाही. अर्जदाराने तो काढला, पुन्हा बुटात टाकला, उभा राहिला, आणि कळला. शेजारचे कारकून विचारत आहेत, “मामा, रडताय की हसताय?”

आता दोरा पुन्हा लावून पाहावा. या वेळी अर्जदार लागेल तेव्हाच लागला म्हणेल.

आपल्या दाराबाहेरच्या बाकावर, एका पायात बूट घालून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
बसचालक, तूर्त हरवलेल्या वस्तूंची खिडकी
दिनांक : आजचाच

सोबत :
१. मेथीची पुडी, जावईबापूंच्या बाटल्या (अर्ध्या).
२. रसाची बाटली, खिडकीच्या पोचपावतीसह. काम झाल्यावर बाटली परत मिळावी, आक्का मागेल.
३. खडा, एक. हाही परत मिळावा.