मैनाबाईंचं पार्सल

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

खिचडी मागवली. पुन्हा! घरात तांदूळ आहेत, मुगाची डाळ आहे, मला शिजवताही येते. तरी मागवली. डबे पोचवणारी रुपाली स्कूटीवर आली, फाटकातून ओरडली — "मैनाबाई! पार्सल!" मी ओसरीतच होतो. उठलो नाही. तिला दुसऱ्यांदा हाक मारू दिली.

५ डिसेंबर

अंकुरचा पुण्याहून फोन. "बाबा, कोरोना जाऊन किती वर्षं झाली! आता कायले रोज बाहेरचं खाऊन राह्यले तुम्ही?" मी म्हटलं, चव लागली. खोटं! अर्धी खिचडी गाईला जाते. रविवारी येऊन तो जेवण मागवायच्या ॲपमधलं त्याच्या आईचं नाव काढणार, माझं टाकणार. "गेलेल्या माणसाच्या नावानं जेवण येते, लोकं काय म्हणतीन?"

६ डिसेंबर

लिहूनच टाकतो.

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. एक्केचाळीस वर्षं मी तिला "ऐकतं का" एवढंच म्हटलं. लॉकडाऊनमध्ये अंकुरनं ॲप तिच्या फोनवर टाकून दिलं, म्हणून पार्सलवर तिचं नाव. तिला ताप आला, ती मागच्या खोलीत. मी खिचडी मागवायचो आणि डबा काठीनं तिच्या दारापर्यंत ढकलायचो. काठीनं! आतून म्हणायची, "जरा आत या नं. झाकण निघत नाही, हात थरथर कापून राह्यले." मी म्हणायचो, डॉक्टर नाही म्हणतात. डॉक्टर तर मास्क लावून जा म्हणाले होते.

चौथ्या दिवशी दवाखान्याची गाडी तिला घेऊन गेली. ती परत आली नाही. दाराशी दोन डबे — झाकणं तशीच.

त्या खोलीची कडी मी अजून काढलेली नाही.

७ डिसेंबर

रुपालीला विचारलं, नाव बदललं तर? "तं मंग तुमचं नाव पुकारीन, बाबाजी! पण एवढी खिचडी खाणाऱ्या मैनाबाई एक डाव दाखवा तरी!" हसली. मीही हसलो. देवा!

८ डिसेंबर, रविवार

अंकुरनं नाव बदललं. दोन मिनिटांचं काम. दुपारी फाटकातून हाक आली — "सदाशिवराव!" डबा घेऊन मागच्या खोलीशी गेलो. अंकुर बघत होता.

"मैना," मी म्हटलं.

कडी काढली. आत गेलो. झाकण मीच उघडलं.