बायबलवरचा माझा हात

बाळ कॉर्डेल,

मी ओडेसा, तुझी आजी. फुटबॉल संघाने तुला निवडून त्यांची टोपी डोक्यावर चढवल्यापासून तुझी स्मरणशक्ती पातळ झालीये, म्हणून आधी नाव सांगितलं. लिहितेय चर्चमधली वर्लीन. मला अक्षर येत नाही, पण खोटं ओळखता येतं, असा माझा समज होता.

निवडीआधी संघाचा माणूस आपल्या ओसरीवर आला. "मॅडम, पोराचा गुडघा कधी दुखावलाय का?" त्याच सकाळी तू म्हणाला होतास, "आजी, तुझी शपथ, ठणठणीत आहे." मी बायबलवर हात ठेवून तेच सांगितलं. काल तुझा मित्र बोलून गेला, की तू दोन वर्षं गुडघ्यात इंजेक्शनं घेऊन धावतोयस.

तुमच्या या फुटबॉलात चेंडू पोटाशी धरून, धडका खात धावणाऱ्याला तीन-चार वर्षंच खेळायला मिळतात, हे मलाही कळतं. पण त्यासाठी माझी जीभ वापरलीस? खरं सांगितलं असतंस, तर मी नुसती गप्प बसले असते. गप्प बसायला मला छान येतं.

तुझी आजी,
ओडेसा

वर्लीन, हे पोस्टात टाकू नकोस. भलत्याच्या हाती लागलं तर पोराला घरी बसवतील. बायबलात ठेव. आणि हे कशाला लिहितेयस? त्याला लोण्याचा केक पाठव. वरचा लिंबाचा पाक मात्र घालू नकोस. तो खरं बोलल्यावर.