खाडीकाठचं घर आणि शिंपल्यांची पोती

मी कस्तुरा दौलतराव चोगले, वय चौऱ्याहत्तर, राहणार भोसरी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. जीभही आहे, त्याला सगळी आळी साक्षी आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. आजवर कोणाचं ऐकलेलं नाही.

१. भोसरीची खोली मुलगा रोहिदास याला.

२. बाजारातला मासळीचा ओटा, तराजू आणि कालवांचे शिंपले फोडायची कोयती सून विजयश्री हिला. तिने माझं बोलणं सोसलं आणि उलट उत्तरंही दिली. धंद्याला दोन्ही लागतं.

३. खाडीकाठचं घर माझ्या आईने मला दिलेलं. रोहिदास म्हणतो, "विकून वाकडला फ्लॅट घेऊ. खाडीत आता कालवं तरी कुठं मिळतात?" खरं आहे. पूर्वी कालव फोडताना मनगट भरून यायचं. आता कवच कोयती टेकताच पिचतं, आणि नवी पिल्लं धरत नाहीत.

नात पिंकी, कागदावर स्वरूपा, चाकणच्या कंपनीत सांडपाणी तपासते. तिने खाडीचं पाणीही तपासलं.

"आजी, गाड्या-कारखान्यांच्या धुरातला वायू समुद्र शोषतो. पाण्याचा आंबटपणा वाढतो, मग पिल्लांचं कवच बनत नाही."

"मग समुद्राला सोडा पाजू?"

"समुद्राला नाही गं. खाडीच्या चिखलात जुने शिंपले पसरू. ते विरघळून तेवढ्यापुरता आंबटपणा मारतात. पिल्लंही त्यांवरच बसतात."

आमच्या बायका फोडलेली कवचं तिथंच टाकायच्या, रिवाजच होता. माझा भाऊ चिमाजी याने तो सगळा ढीग कोंबडीखाद्यवाल्याला विकला. वर म्हणतो, "अक्का, कचऱ्याचं सोनं केलं!" अक्का काय म्हणाली ते सरकारी कागदावर बसणार नाही. चिमाजीला काहीही मिळू नये.

४. घर पिंकीला. ओट्यामागे मी साठवलेली शिंपल्यांची पोती तिने नेऊन चिखलात पसरावीत. सगळी खाडी सुधारेल असं तीही म्हणत नाही. तीन पावसाळे बघावं. पिल्लं धरली तर गावच्या बायकांना कालवं काढू द्यावीत, मालकी दाखवू नये. नाही धरली तर घर विकून पैसे बापाला द्यावेत, रडत बसू नये.

त्याआधी रोहिदास गिऱ्हाईक घेऊन आला तर दार उघडू नये. एकटा आला तर चहा द्यावा आणि एक पोतं त्याच्या खांद्यावर द्यावं.

लिहून ठेवणार : कस्तुरा दौलतराव चोगले (सही स्वहस्ते, अंगठा नाही)

आमच्यासमोर सही झाली :
शालनबाई गायकवाड, शेजारीण
जयसिंग लांडे, किराणा दुकानदार

भोसरी, ९ फेब्रुवारी २०२५