बांधाच्या खाली

हौगांग, १२ एप्रिल २०२५

चि. अभय,

आशीर्वाद.

नाही, माझे गुडघे ठणठणीत आहेत. आणि नाही, मी फोन करणार नाही. फोनवर तुझं मध्येच "आत्या, ऐक ना" सुरू होतं. म्हणून हा कागद.

फोटो पाहिला. तुझा बाप आयोवात गेला, तिथेच दहन झालं, ते ठीक. पण अस्थी कुठे सोडल्यास? तुमच्या गावच्या त्या ऑटर फोर्कमध्ये, जुन्या गिरणीच्या बांधामागे! का, तर म्हणे "पाणी शांत होतं, छान वाटलं." अरे, शांत कसलं, साचलेलं! वर बदकं पोहतायत. अस्थी वाहत्या पाण्यात सोडतात, हेही कुणी सांगायला पाहिजे?

मी सातवीपर्यंतच शिकले, पण उगम, संगम, मुख एवढा भूगोल मला येतो. नातीला, गार्गीला, फोनवर नकाशा उघडायला लावला. ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणे, "आजी, ही नदी कुठे, लाँगकांग आहे ला, आपल्या ब्लॉकमागे आहे तसं गटार." म्हटलं, गप, बोट सरकव पुढे. मक्याच्या शेतात उगम. तीन वळणं, रेल्वेचा पूल, मग तुझा बांध. बांधाच्या खाली एक ओढा येऊन मिळतो, तिथून पाणी पळतं. मोठ्या नदीला, मग मिसिसिपीला, मग समुद्राला. कॅलेंडरच्या पाठीवर सगळं बॉलपेनने काढून ठेवलंय. तुझा बाप बांधाच्या वर अडकलाय. शंभर पावलं पुढे चालायला काय झालं होतं तुला?

माझे यजमान, तुझे काका, गेले तेव्हा अस्थी सोडायला आम्ही इथल्या चांगीच्या किनाऱ्याहून होडी केली. मला वाटभर उलट्या झाल्या, पण भर समुद्रात गेलो.

उल्हास दर वर्षी म्हणायचा, "ताई, ये ना, आमची नदी दाखवतो तुला." मी म्हणायचे, ओढ्याला नदी म्हणू नकोस, दिवसभर विमानात बसून ओढा बघायला कोण येतंय! मागच्या दिवाळीला तर गुडघ्यांचं कारण सांगितलं. तो नुसतं "बरं" म्हणाला. एरवी माझ्याशी भांडायचा.

ते असो.

माझ्या वाट्याच्या म्हणून डबीत ठेवलेल्या अस्थी कुरियरने पाठवू का, असं विचारतोस. खबरदार! डबी उघडायची नाही, कपाटातून हलवायची नाही. माझ्या मुलाने, अंकुरने, तिकीट काढलंय, वीस मेला पोचते. गुडघाभर पाणी असलं तरी मीच उतरणार आहे, त्या ओढ्याच्या संगमावर. तू फक्त हात धर. आणि फोटो काढायचा नाही.

आता येतेस तर आधी का नाही आलीस, हे विमानतळावर विचारलंस तर तिथूनच मागे फिरेन. त्यावर मी कुणाशीही एक शब्द बोलणार नाही.

तुझ्या बापाची ताई,
सविता