विहिरीकडचा तुकडा

दि. ३ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे तुझी वहिनी ठीक आहे, माझा खुबा मात्र माझ्याही पुढे म्हातारा झालाय. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? औषध अर्धवट सोडू नको म्हणावं तिला.

गहू यंदा कमरेला लागलाय. कुणाचा, ते पुढे सांगतो.

पेन्शनच्या नव्या कायद्याचं पेपरात वाचलं असशील. आत्तापर्यंत शेतकऱ्याला साठाव्या वर्षी पेन्शन मिळायची आणि हातपाय चालतील तोवर शेतीही करता यायची. आता सदुसष्ट केलंय. महिनाअखेरीच्या आत जो सगळी जमीन तरुण शेतकऱ्याला देईल, त्यालाच साठला मिळणार. मला पुढच्या महिन्यात साठ होतील. डॉक्टरांनी ट्रॅक्टरवर चढायला बंदी केलीय. मग सात वर्षं काय करायचं, असं मी कार्यालयातल्या बाईंना विचारलं.

"काका, मला काय विचारता? माझंही वय वाढवलंय," म्हणाल्या. आम्ही दोघं हसलो. मग त्यांनी फॉर्म पुढे सरकवला.

चार दिवस हे लिहायचं टाळतोय. मी विचारलं, विहिरीकडचा तुकडा तेवढा मागे ठेवता येईल का? तो धाकट्याचा आहे, नोकरी संपली की तिथे घर बांधणार आहे. बाई म्हणाल्या, जमिनीचं खातं दोघांचं एकच आहे, वीतभर ठेवलं तरी अर्ज बाद. दर वेळी रजा काढायला नको म्हणून तू मला मुखत्यारपत्र करून दिलं होतंस ना, ते माझ्या पिशवीत होतं. तुझ्या वतीने मीच सही केली.

तुला फोन करायला हवा होता. पण तू "कर दादा" म्हणाला असतास, आणि ते मला ऐकवलं नसतं.

जमीन शेजारणीच्या जावयाने घेतली. माणूस वाईट नाही. तुझ्या वाट्याचे पैसे तुझ्या खात्यात येतील. ते बघून तुला कळू नये म्हणून आधी हे पत्र.

काल त्याने विहिरीकडे नांगर घातला. मी कुंपणाशी उभा होतो. मागच्या सुट्टीत तुझ्या घराच्या चार कोपऱ्यांना आपण खुंट्या ठोकल्या होत्या, त्या त्याने उपटून माझ्या हातात दिल्या. "काका, तुमच्या असतील," म्हणाला. मी हो म्हणालो.

गोठ्यात ठेवल्यात. अंगणात रोवून बघितल्या, पण तुझं घर मावत नाही.

रागाव, पण ये.

तुझ्या नावाने सही करून आलेला,
दादा