महागू सरांचं लॅटिन आणि दीप्तीचं दार

रामपायली

तीर्थरूप मामाजींस लोकेशचा पाय धरून नमस्कार. (लांबून धरला आहे, ओढून घेऊ नका.) मामींचा गुडघा कसा आहे? तुमसरकडे धानाची रोवणी झाली असेल. इकडे आई ठीक, बाबा माझ्यावर रागावलेले, म्हणजे तेही ठीक.

पोरगा कॉलेज सोडून दिवसभर कोण्या मास्तरच्या घरी बसून राह्यते, असं तुम्ही आईला विचारलं म्हणे. तर गंभीरपणे सांगतो. महागू सर आपल्याच गावचे, पण राहिले ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये. लहानपणी एका पादरीबाबानं लॅटिन शिकवलं, स्कॉलरशिपवर मुंबई गाठली आणि लॅटिन कविता शिकवण्यात जन्म घातला. शेवटी वर्गात एकच मुलगा उरला, तोही हॉटेलचं शिकायला निघून गेला. विभागाला कुलूप लागलं. सर पुस्तकांच्या पेट्या घेऊन गावी आले. लग्न केलं नाही. (काहून, असं विचारलं की पुस्तकाचं पान उलटतात.) सकाळी ओसरीत मोठ्यानं कविता म्हणतात, त्यामुळे सर विंचू उतरवतात असा गावाचा पक्का समज आहे. लोक रडत-ओरडत येतात. सर आधी दवाखान्यात पाठवतात, आणि सुई टोचून आलेल्याला विरहाची एखादी कविता ऐकवतात. मला म्हणाले, "मुंबईत माझ्या वर्गात पोरं झोपत. इथं निदान कण्हतात."

पंख्यावरून प्राचार्यांशी भांडून मी कॉलेज सोडलं (पंखा अजून बंदच आहे), तेव्हा मला शिष्य करून घेणारे हेच. त्यांनी सांगितलं, रोममध्ये झिडकारलेला प्रियकर मुलीशी नाही, तिच्या बंद दाराशी बोले. दारावर फुलांचा हार टांगायचा, उंबऱ्यावर अत्तर शिंपडायचं आणि दारालाच कविता म्हणायची. या दाराच्या कवितांवर सरांची सारी उमर गेली. मामाजी, मला मात्र ऐकताना सुखरामकाकांचं निळं दार दिसून राह्यलं होतं. तिथं त्यांची पोरगी दीप्ती राहते. तिला पाहायला बालाघाटचे पाहुणे येणार होते, आणि माझं डोकं तुम्हाला ठाऊकच आहे.

परवा कटंगीच्या बसस्टँडवर हार घेतला. फुलवाल्यानं विचारलं, दाराले लावायचा का? मी हौ म्हटलं. त्यानं रिवाजाप्रमाणे खाली लिंबू-मिरच्या ओवून पुडा बांधून दिला. दिवेलागणीला लाइन गेली होती. मी अंधारात, भावनेच्या भरात, न पाहताच हार टांगला, लग्नघरातून उरलेलं गुलाबपाणी उंबऱ्यावर शिंपडलं आणि डोळे मिटून लॅटिन सुरू केलं.

दीप्तीची आई, रुख्माबाईकाकू, दिवा घेऊन बाहेर आल्या. दारावर लिंबू, उंबऱ्यावर ओल, आणि समोर पुटपुटणारा मी. "करणी केली वो माय!" सारी आळी जमली. काका कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आले. आणि करणी उतरवायला बोलावलं कोणाले? महागू सरांले!

सरांनी हार पाहिला. मला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. मी म्हटलं. सरांचे डोळे भरले. म्हणाले, "सुखराम, ही करणी नाही. गाणं आहे. नको झालेला माणूस दाराले म्हणते." काकू म्हणाल्या, "दाराले काहून? दाराले का कान आहेत?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न सरांना कोणी विचारला नसावा. ते पायरीवर बसूनच राहिले. काकांनी दांडा खाली ठेवला नि मला म्हणाले, "तोंड आहे ना तुले? मंग मोठ्या माणसाले घेऊन ये अन् माझ्याशी बोल."

तुमचा भाचा,
लोकेश

ता. क. तो मोठा माणूस म्हणजे तुम्ही. पाहुणे रविवारी येतात, तुम्ही शनिवारीच मागणी घालायला या. सर सोबत येतो म्हणतात, पण बोलणं तुम्हीच करा. त्यांनी सुरू केलं तर रोमपासून करतील.

दुसरा ता. क. फुलवाल्याची टोपली मी काल रागात पालथी केली. कटंगीला उतराल तर माझं नाव सांगू नका.

तिसरा ता. क. आत्ताच दीप्तीचा निरोप आला. दार नुसतं लोटलेलं होतं म्हणते, कडी नव्हतीच, एकदा ढकलून तं पाहायचं होतं. मी हे सरांना सांगितलं. त्यांनी पुस्तक मिटलं. तेव्हापासून मुंबईतल्या कोणत्या तरी घराचं दार आठवून राह्यले आहेत. तिसरा मजला का चौथा, एवढंच स्वतःशी म्हणतात.