गाडीच्या पाठीवरची घोडी

जळगाव,
दि. ९ डिसेंबर १९६९

तीर्थस्वरूप तोतारामनाना यांसी,

धाकटा मेहुणा जीवराम याचा दंडवत. थंडीत तुमचा गुडघा कसा आहे ते कळवणे. वहिनींचा खोकला गेला असं धरून चालतो, कारण गेला नसता तर त्याची खबर यावलच्या पहिल्याच बसनं तुमच्या बहिणीला पोचली असती. गारठ्यानं केळीची पानं पिवळी पडताहेत असं ऐकलं, वाईट वाटलं. इकडे सर्व खुशाल. अक्षर बघून घाबरू नका, प्रकृती उत्तम आहे, फक्त उजवा तळहात भाजला आहे आणि पेन दोन बोटांत धरून लिहितो आहे. कसा भाजला ते पुढे येईलच, पण आधी एवढं सांगतो की असा हात भाजून घ्यायला मी पुन्हा एकदा तयार आहे.

माझी लाल गाडी तुम्ही पाहिली आहे असं तुम्हाला वाटत असेल, पण तुम्ही पाहिली नाही. तुम्ही दिवाळीला आलात तेव्हा तुमच्या बहिणीनं तिच्यावर गोधड्या वाळत घातल्या होत्या. ही गाडी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पारशी मॅनेजरची. तो जळगाव सोडून गेला तेव्हा मी घेतली. विलायती आहे, दोन माणसांची आहे, डोक्यावर छत नाही, मागे पेट्रोलची टाकी पाठ टेकून बसल्यासारखी उभी आणि टाकीच्या पाठीला स्टेपनी लटकवलेली. सामान ठेवायला जागा नाही. (तुमच्या बहिणीचं म्हणणं, बसायलाही नाही. ती आजवर एकदाच बसली, आणि उघड्या गाडीत पदर सांभाळू की जीव सांभाळू असं विचारून गावाच्या वेशीवरच उतरली.) पण नाना, मी ऑइल इंजिनं आणि पंप विकणारा माणूस. दिवसभर धुरानं खोकणारी यंत्रं ऐकल्यावर संध्याकाळी ह्या गाडीचा आवाज कानावर आला की मला बरं वाटतं.

आता मूळ गोष्ट. धुळ्याच्या एका व्यायामशाळेनं यंदा पहिल्यांदाच मुलींची सायकल शर्यत ठेवली. धुळ्याहून आग्रा रोडनं सोनगीरला जायचं आणि परत यायचं. तुमच्या भाचीनं, म्हणजे आमच्या कुमुदनं, मला न विचारता नाव देऊन टाकलं आणि नंतर विचारलं. कॉलेजला ती सायकलनं जाते हे तुम्हाला ठाऊक आहे. रोज पहाटे ती पाळधीपर्यंत जाऊन येते हे तुम्हाला ठाऊक नसेल, मलाही नव्हतं. मी लगेच हो म्हटलं, आणि त्याच दमात हेही म्हटलं की शर्यतीला जाणारी मुलगी माझ्या गाडीतून जाईल आणि तिची सायकलही माझ्या गाडीवरून जाईल. कुमुदनं गाडीकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं, आणि ती काही बोलली नाही. तिचा हा गुण तुमच्या घराण्याकडून आलेला आहे.

गाडीला मागे सायकल अडकवायचं काहीतरी बसवायचं ठरलं, पण त्या वस्तूला म्हणायचं काय इथूनच अडचण सुरू झाली. कॅरियर म्हणावं तर ते सायकलला असतं, स्टँड म्हणावं तर तेही सायकलला असतं. मी वना मिस्त्रीकडे गेलो. हा मूळचा पारोळ्याकडचा, खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवतो, आणि जळगावात आपल्यासारखं वेल्डिंग कोणी करत नाही असं स्वतःच सांगतो. तो म्हणाला, ही तर घोडी. झालं, तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव घोडी. वनानं लोखंडी पट्ट्या वाकवल्या, स्टेपनीच्या बोल्टांत अडकवल्या, सायकल अडकवायला वर दोन आकडे काढले. टाकीजवळ वेल्डिंग करायला मात्र मी साफ नकार दिला, त्यामुळे सगळं आधी त्याच्या दुकानात जोडून मग गाडीवर चढवलं. (एवढी एक अक्कल मी वापरली, तिची कोणी दखल घेतली नाही म्हणून इथे लिहून ठेवतो.) काम पाहायला गेलो तर घोडीच्या मधोमध पिसारा फुलवलेला मोर.

मी म्हटलं, वना, हा मोर कशाला. तो म्हणाला, "भाऊ, मी मोर बिगर काम करस नही." जाळी असो, फाटक असो, विहिरीचं झाकण असो, मोर असणारच. मी जरा वेळ रागावून उभा राहिलो, पण मग दुकानासमोर माणसं जमायला लागली आणि जो तो मोर चांगला उतरलाय म्हणू लागला, तसा मलाही तो आवडू लागला. इतका की सायकल वर चढवल्यावर तो झाकला जातो हे पाहून मला वाईट वाटलं. मीच वनाला म्हटलं, आकडे खाली घे, म्हणजे सायकल खाली लटकेल आणि मोराची मान आणि पिसारा वर दिसत राहील. त्यानं घेतले. घोडी हलवून पाहिली आणि मला म्हणाला, "गाडी मोडी जाई, पन हाई मोडाव नही." त्याच्या ह्या बोलण्यातला पहिला भाग मी तेव्हा नीट ऐकला नाही.

रविवारी सकाळी निघालो. सारी गल्ली बाहेर आली होती. तुमच्या बहिणीनं कुमुदला दही दिलं, मला काही दिलं नाही. एरंडोलपर्यंत आम्ही असे गेलो की काय सांगावं. बैलगाडीवाले मागे वळून बघत होते, पोरं धावत होती, मोर उन्हात चमकत होता. एरंडोलला शिट्टी वाजली. हवालदार गाडीला एक फेरी मारून मागे उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "गाडीचा नंबर कुठं आहे?"

"मोराच्या मागं आहे," मी म्हणालो.

"मग हा दिसतोय तो?"

"तो सायकलच्या कराचा बिल्ला. जळगाव नगरपालिकेचा. चालू वर्षाचा आहे."

त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, "म्हणजे कायद्यानं बघायला गेलं तर रस्त्यावर ही सायकल चालली आहे आणि गाडी तिच्यामागं लपली आहे." मी वनाची कारागिरी समजावून सांगू लागलो, त्यांना ती पटतही होती, पण कायदा आडवा येत होता. तेवढ्यात कुमुद खाली उतरली, हवालदारांकडे त्यांची तंबाखूची डबी मागितली, त्यातला चुना बोटावर घेऊन स्टेपनीच्या काळ्या टायरवर गाडीचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून काढला, आणि डबी झाकण लावून परत दिली. हवालदारांनी नंबर मोठ्यानं वाचला आणि हातानं जा म्हणून खूण केली. वर मला सांगितलं, पोरीला शिकवा.

पारोळा मागे पडलं. मुकटीच्या अलीकडे धाडकन आवाज झाला, बंदुकीसारखा. मी गाडी बाजूला घेतली. चारही चाकं बघितली, शाबूत. स्टेपनी बघितली, शाबूत. इंजिन छान चालू. मी कुमुदला म्हणालो, आपल्या गाडीला काही झालेलं नाही, कोणा दुसऱ्याचा आवाज असेल. ती मागे बोट दाखवत उभी होती. नाना, मोरासाठी आकडे खाली घेतले तेव्हा सायकलचं मागचं चाक नेमकं सायलेन्सरच्या तोंडासमोर आलं होतं, आणि जळगावपासून ते चाक आम्ही पापड भाजावा तसं भाजत आणलं होतं. टायर वितळून फाटला होता, ट्यूबच्या चिंध्या झाल्या होत्या. घोडी मात्र तसूभर हलली नव्हती. मी घाईघाईनं चाक सोडवायला हात घातला आणि आधारासाठी जे धरलं ते सायलेन्सर होतं.

शेजारच्या शेतात कापूस वेचणारी एक बाई धावत आली, बांधावरची कोरफड कापून तिनं माझ्या हातावर चोळली आणि आपल्या डोईच्या फडक्यानं हात बांधून दिला. मी बांधावर बसलो. मला हाताचं दुःख नव्हतं. इतके दिवस पहाटे उठून पोरीनं जे कमावलं ते मी एका मोराच्या हौसेपायी जाळलं, हे डोळ्यांसमोर दिसत होतं. मी तिला म्हणालो, कुमुद, परत जाऊ. ती म्हणाली, "बाबा, शर्यत दुपारी आहे. तुम्ही डाव्या बाजूला बसा."

तिला मैदानात गाडी पुढे-मागे करायला मीच शिकवलं होतं, शिकाऊ परवानाही काढून दिला होता, पण रस्त्यावर मी स्टिअरिंग कधी दिलं नव्हतं. त्या दिवशी तिनं घेतलं. मी माझ्याच गाडीत पहिल्यांदा डावीकडे बसलो. तिथून रस्ता वेगळा दिसतो, झाडंही दिसतात. मी गियर टाकतो तेव्हा गाडी दात खाते. कुमुदनं टाकले तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. मी बोलायचं ठरवलं होतं, हळू घे, ब्रेक लाव, पण बोलायला जागाच मिळाली नाही. फागण्याला सायकलचं एक दुकान उघडं होतं. त्याच्याकडे कुमुदच्या चाकाचा हलका टायर नव्हता, दूधवाले घालतात तसला जाड, आडदांड टायर तेवढा होता. कुमुदनं तो दाबून बघितला, नाक मुरडलं आणि बसवून घेतला. पुढे धुळ्यापर्यंत सायकल उलटी लटकवली, मोर झाकला गेला तरी मी शब्द काढला नाही.

शर्यतीला उभ्या राहिलेल्या मुलींच्या सायकली हरणासारख्या. आमच्या कुमुदच्या सायकलचं पुढचं चाक हरणाचं आणि मागचं रेड्याचं. एकजण हसलाही. मी फडकं बांधलेला हात वर करून उभा होतो, लोकांना वाटलं मी पंच आहे. मुली निघाल्या आणि वळणापर्यंत कुमुद सर्वांच्या शेवटी होती. मी पुढचं पाहिलं नाही, ते पंचांच्या जीपमधल्या मंडळींकडून कळलं. सोनगीरच्या अलीकडे पुलाचं काम चालू आहे, म्हणून रस्ता शेतातून वळवला आहे, आणि त्या वाटेवर दोन्हीकडच्या बाभळींची काटेरी छाटणी पडलेली. जाताना तीन मुली पंक्चर झाल्या, येताना उरलेल्यांतल्या बहुतेक. एकेक हरीण लंगडत बाजूला होत गेलं आणि रेड्याच्या टायरनं काटे चिरडत कुमुद पुढे निघाली. (पुढच्या चाकाला काटा का लागला नाही असं तुमची बहीण विचारते. तो दैवाचा भाग आहे, आणि ह्या पत्राचा विषय नाही.)

धुळ्यात आम्ही वाट बघत होतो. रस्ता बराच वेळ रिकामा होता. मग लांबून एकच सायकल आली, मागच्या टायरची घरघर आधी ऐकू आली आणि मुलगी नंतर दिसली. चेहरा धुळीनं पांढरा, वेणी सुटलेली. मी फडकं बांधलेला हात पुन्हा वर केला. ती सायकलवरून उतरली आणि पहिल्यांदा काय विचारलं असेल तर, हात दुखतोय का.

बक्षीस म्हणून सोनगीरच्या तांबटांनी घडवलेली पितळेची कळशी मिळाली. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी कुमुदला विचारलं, ह्या यशाचं श्रेय कोणाला. ती सरळपणे म्हणाली, "माझ्या वडिलांना. त्यांनी माझा टायर जाळला." लोकांना काही कळलं नाही, पण टाळ्या पडल्या, आणि मी उठून सगळ्या बाजूंना नमस्कार केला. नाना, विचार करा. घोडी बसवली नसती, मोर घडवला नसता, आकडे खाली घेतले नसते, तर तो हलका टायर शाबूत राहिला असता आणि सोनगीरला काट्यात बसला असता. हे मी इथे बऱ्याच जणांना समजावून सांगितलं आहे. वना मिस्त्रीला पटलं आहे.

परत येतानाही तिनंच चालवली. कळशी माझ्या मांडीवर होती. वाटेत लोक बघत होते ते आता मोराकडे बघत नव्हते, गाडी चालवणाऱ्या मुलीकडे बघत होते, आणि मी ते बघत होतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला गरम तेल लावावे.

आपला,
जीवराम

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलं. पुढच्या महिन्यात नाशिकला मोठी शर्यत आहे, तिथे कुमुदला बोलावणं आलं आहे. कळशी घरात आल्यापासून तुमची बहीण म्हणते, मीही येणार. गाडीत जागा दोनच. तुम्ही थोरले भाऊ, तुमचा शब्द ती मोडत नाही. उघड्या गाडीचा प्रवास बायकांच्या प्रकृतीला सोसत नाही, एवढं दोन ओळींत तिला लिहावे. मी लिहायला सांगितलं हे लिहू नये.

दुसरा ता. क. वरचा मजकूर तुमच्या बहिणीनं वाचला. ती म्हणते, नानांना तसदी नको, आमचं ठरलं आहे. कुमुद चालवणार, ती शेजारी बसणार, मागे घोडीवर सायकल. कुमुद चालवते तेव्हा गाडी ओरडत नाही, म्हणून तिला भीती वाटत नाही म्हणे. मी आदल्या दिवशी रेल्वेनं नाशिकला जाऊन एक जाड टायर घेऊन शर्यतीच्या शेवटी उभं राहायचं आहे.

तिसरा ता. क. तेव्हा नाना, आता विनंती अशी की तुम्ही माझ्यासोबत नाशिकला यावे. गुडघ्याचं कारण सांगू नये, मी खिडकीजवळची जागा धरून ठेवीन. शर्यत संपताना लाल गाडीजवळ उभी असलेली ती मुलगी माझी आहे, असं मी आजूबाजूच्या लोकांना सांगणारच. पण हातात टायर घेतलेल्या माणसावर परक्या गावात कोण विश्वास ठेवतो. मामा शेजारी असला, तर निदान खरं आहे म्हणून मान तरी हलवील.